अल्पमोली हत्यारांची पारख : प्रस्तावना

हत्यारांच्या बाजारात नव्याने पाऊल टाकणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो किमतीचा. एकाच मापाचे, एकाच घाटाचे, दिसण्यात जुळ्या भावांसारखे वाटणारे दोन पाने एकाच फळीवर शेजारी शेजारी टांगलेले असताना त्यांतील एकाचे मोल दुसऱ्याच्या चौपट का असावे, हे त्याला उमगत नाही. दुकानदाराला विचारावे तर तो कंपनीचे नाव सांगतो, फिटरला विचारावे तर तो पोलादाला दिलेल्या पाण्याविषयी बोलू लागतो. आणि या दोन उत्तरांच्या दरम्यान जे विस्तीर्ण शास्त्र पसरलेले आहे, त्याचा परिचय मराठी वाचकास त्याच्या स्वतःच्या भाषेत करून द्यावा, या हेतूने प्रस्तुत पुस्तक सिद्ध केले आहे.

ज्याच्या पदरी पैसा मुबलक आहे त्याचे पारखीवाचून फारसे अडत नाही. तो नामांकित कारखान्याचा छाप पाहून जिन्नस घेतो, आणि त्या छापामागे ज्या जाणकारांनी परीक्षण केलेले असते त्यांच्या ज्ञानाचा मोबदला किमतीतच चुकता करतो. परंतु ज्या तरुणाने आय.टी.आय.चा दाखला हाती पडताच कर्ज काढून भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ मांडला आहे, ज्या शेतकऱ्याला पंपाची दुरुस्ती घरच्या घरी करावयाची आहे, किंवा ज्या निवृत्त गृहस्थाला परसातल्या पत्र्याच्या खोलीत सुतारकामाचा जुना छंद पुन्हा जोपासावयाचा आहे, त्यांना ते परीक्षण स्वतःच करावे लागते. आणि ते करता येते, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, हे मला आरंभीच निक्षून सांगावयाचे आहे. स्वस्त हत्यार घडवणाऱ्याने कोठेतरी काटकसर केलेली असते यात संशय नाही. ती पोलादात केली, पाणी देण्यात केली, घासकामात केली, की केवळ डबी, मुलामा आणि जाहिरात यांत केली, हे ओळखणे ही पारख होय. आणि ती काटकसर आपल्या कामाच्या आड येते किंवा कसे, हे ठरवणे हा मूल्याचा निर्णय होय. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मनुष्य एक तर जे जे महाग ते ते उत्तम मानू लागतो, नाही तर स्वस्त घेऊन वर्षभर पस्तावतो.

हे पुस्तक बेंगळुरूत लिहिले गेले, यास लेखकाच्या वास्तव्यापेक्षा सबळ कारण आहे. भारतीय यंत्रोद्योगाच्या इतिहासाचे इतके अध्याय एका ठिकाणी पाहावयास मिळतील असे दुसरे शहर मला ठाऊक नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला. १९४८ मध्ये टेलिफोनचा कारखाना आला. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने जालहळ्ळीस हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे सर्वतोमुखी झालेली एच.एम.टी., स्थापन झाली; पाठोपाठ भारत इलेक्ट्रॉनिक्स आले; आणि १९६२ मध्ये यंत्रावजारांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था तुमकूर रस्त्यावर निघाली. या कारखान्यांतून तयार झालेल्या फिटर, टर्नर आणि टूलरूमच्या कारागिरांची एक अख्खी पिढी पुढे राजाजीनगर, कामाक्षीपाळ्य आणि पीण्या येथील लहान लहान गाळ्यांतून स्वतःचा धंदा करू लागली, आणि हत्यार हाती येताच त्याची धार अंगठ्याने व त्याची कड डोळ्यासमोर धरून पाहण्याची सवय तिने बरोबर नेली. एच.एम.टी.चा घड्याळविभाग २०१६ मध्ये बंद झाला तरी त्याच कंपनीचा एन.एच. २२ जातीचा जुना लेथ विकावयास निघाला असता आजही त्यास गिऱ्हाईक मिळते, ही गोष्ट मूल्य म्हणजे काय याचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या कारागिरांची पेठ म्हणजे सिटी मार्केटच्या आसपासचा मुलूख. एस.जे.पी. रोड, एस.पी. रोड आणि त्यांना फुटलेल्या अरुंद गल्ल्या यांत कानडी, दखनी, तमिळ आणि मारवाडी या चारही बोलींत एकाच पक्कडीचा भाव चालतो. जालंधर आणि लुधियान्याचे पाने, नागौरच्या पकडी, राजकोट व बटाल्याची यंत्रे, नाशिक व गोव्यात कारखाने असलेल्या टपारियाची हत्यारे, रत्नागिरी आणि चिपळूणच्या कारखान्यांतील जे.के.च्या कानशी, आणि कोणत्या गावचा हे सांगता न येणारा चिनी माल, असे सर्व काही तेथे एका छताखाली नांदते. रविवारी भरणाऱ्या गुजरीत तर मोडीत निघालेल्या कारखान्यांचे अवशेषही येतात. पारख शिकावयाची तर या पेठेसारखी पाठशाळा नाही, कारण येथे उत्तम, मध्यम आणि निकृष्ट ही तिन्ही एकाच वेळी हाताळावयास मिळतात.

स्वस्त मालाविषयी बोलताना पुष्कळ सुशिक्षितांच्या मुखी एखाद्या गावाचे वा देशाचे नाव तुच्छतेने येते. हा प्रकार मला मुळीच मान्य नाही, आणि इतिहासही त्यास अनुकूल नाही. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनास जर्मनीच्या वतीने गेलेले यंत्रशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ रोलो यांनी स्वदेशाच्या मालास स्वस्त आणि वाईट असे उघडउघड म्हटले आणि त्यावरून मायदेशी मोठे काहूर माजले. पुढे शेफील्डच्या कारागिरांच्या तक्रारींमुळे ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा करून परदेशी मालावर त्याच्या उगमाचा देश छापण्याची सक्ती केली, तेव्हा 'जर्मनीत बनलेले' ही अक्षरे गिऱ्हाइकास सावध करण्यासाठी होती. परंतु एका पिढीच्या आत तीच अक्षरे उत्कृष्टतेची हमी समजली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या मालाविषयीही लोकमताने हाच प्रवास केला. म्हणून नागौरच्या किंवा राजकोटच्या कारागिराचे हत्यार हाती आले असता गावाच्या नावावरून निकाल देणे म्हणजे साक्षीपुरावा न पाहता फैसला लिहिणे होय.

आपल्या मुलखातला दाखला याहून जवळचा आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केले तेव्हा ते विकत घेण्यास शेतकरी धजेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते अशी समजूत होती, आणि देशी कारखान्यात ओतलेल्या बिडाचा भरवसा कोणी द्यावा, हाही प्रश्न होता. औंध संस्थानच्या अधिपतींनी आश्रय दिल्यावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि नांगराने आपली परीक्षा शेवटी शेतातच दिली. त्याच घराण्याने १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनवण्याचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रांची आवक आटली होती, सरकारने यंत्रावजारांवर नियंत्रण आणले होते, आणि देशी बनावटीच्या यंत्रांची दर्जेदार व बिनदर्जाची अशी सरकारी विभागणीही त्याच काळात झाली. आज आपण दुकानात उभे राहून मनातल्या मनात जी प्रतवारी करतो, ती त्या वेळी सरकारदरबारी कागदोपत्री करावी लागली. कारण लढाईच्या दिवसांत वाकडा लेथ म्हणजे वाकडा सुटा भाग, आणि त्याची किंमत मोजणारा दुसराच कोणी असे.

आता पारखीच्या मुख्य अंगाकडे वळतो. प्रथम काही खोट्या कसोट्या बाजूस सारणे अवश्य आहे. चकाकी ही कसोटी नव्हे. निकेल व क्रोमचा मुलामा नरम लोखंडावरही तितकाच सुंदर बसतो, आणि स्वस्त पान्याच्या बाबतीत पुष्कळदा मुलाम्याखालचे घासकामच टाळलेले असते. वजन ही सर्वत्र लागू पडणारी कसोटी नव्हे. व्हाइस आणि लेथ जड असावेत हे योग्य, पण पान्याच्या बाबतीत उलट न्याय आहे, कारण चांगल्या पोलादाचा पाना सडपातळ ठेवता येतो आणि अडचणीच्या जागी शिरतो, तर हलक्या पोलादाच्या पान्याला आपली दुर्बलता जाडीने झाकावी लागते. लोहचुंबक तर काहीच सांगत नाही. मऊ लोखंड आणि पाणी दिलेले पोलाद या दोहोंस तो सारखाच चिकटतो. राहिली दांड्यावर उमटवलेली 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे. ती उमटवण्यास एका ठशाखेरीज काही लागत नाही.

शिक्क्यांपैकी एक मात्र आदरास पात्र आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने, जी पुढे १९८६ च्या कायद्यान्वये भारतीय मानक ब्यूरो झाली, हत्यारांसाठी तपशीलवार मानके ठरवून दिली आहेत. रिंग पान्यांसाठी आय.एस. २०२९, पोलादी हातोड्यांसाठी ८४१, बेंच व्हाइससाठी २५८६. तथापि मानकाचा नुसता क्रमांक छापलेला असणे आणि परवान्यासह चिन्ह असणे यांत महदंतर आहे. खऱ्या चिन्हाखाली सी.एम./एल. या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि ब्यूरोच्या बी.आय.एस. केअर या मोबाइल अ‍ॅपवर तो पडताळून पाहता येतो. दुकानात उभ्या उभ्या हे काम होते. पण ते करणारे गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिले आहे.

खरी कसोटी कठीणपणाची, आणि तिचे साधन म्हणजे एक चांगली बारीक कानस. कानशीचा स्वतःचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर साठच्या वर असतो. आपल्याइतक्या कठीण पृष्ठभागावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरते, नरम पृष्ठभागाला चावते, आणि या दोन टोकांमधील सर्व श्रेणी हाताला जाणवतात. पक्कडीच्या जबड्यावर ती किंचित चावली तर चालेल, परंतु तार तोडण्याच्या धारेवर तिने घसरलेच पाहिजे. पान्यावर ती चावावी, पण नाखुशीने; पाना अतिशय कठीण असेल तर तो ताणाखाली वाकण्याऐवजी तडकतो, आणि फार नरम असेल तर त्याचे तोंड फाकून बोल्टची डोकी गोल करून टाकते. छिन्नीचा न्याय आणखी सूक्ष्म आहे. तिची धार कडक आणि डोके नरम असावे लागते, म्हणजे घणाखाली डोके पसरेल पण त्याची कपची उडणार नाही. सबंध छिन्नीला एकसारखे पाणी देऊन कारागिराचा वेळ वाचवणारा कारखानदार गिऱ्हाइकाच्या डोळ्याशी खेळत असतो. येथे काटकसर क्षम्य नाही.

पोलादाची ही विद्या म्हैसूरच्या भूमीला परकी नाही. फ्रान्सिस बुखनन याने १८०० व १८०१ मध्ये या प्रदेशातून प्रवास करताना मुशीत पोलाद बनवणाऱ्या कारागिरांची कृती तपशिलाने लिहून ठेवली, आणि पुढे लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने हिंदी पोलादाच्या नमुन्यांचे पृथक्करण करण्यात आपल्या उमेदीची काही वर्षे घालवली. पोलाद तापवून एकदम थंड केले, म्हणजेच त्याला पाणी दिले, की ते कठीण पण ठिसूळ होते. पुन्हा बेताने तापवले की थोडा कठीणपणा देऊन ते चिवटपणा घेते. या दुसऱ्या तापवणीसाठी भट्टी, वेळ आणि इंधन लागते, आणि काटकसरीची कात्री नेमकी तेथे चालते. पोलाद चांगले असून तापवणी घाईची, असे हत्यार मला निकृष्ट पोलादाच्या हत्याराहूनही अधिक दुःखद वाटते. कारण उत्तम द्रव्य अर्ध्या तासाच्या आळसापायी वाया गेलेले असते.

छिद्रे पाडणाऱ्या ड्रिलबिटांची गोष्ट वेगळी. साध्या कार्बन पोलादाची धार दोनशे-अडीचशे अंश तापमानाच्या पुढे नरम पडू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी पेन्सिल्व्हानियातील बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात केलेल्या प्रयोगांतून जे हायस्पीड पोलाद पुढे आले, ते सुमारे सहाशे अंशांपर्यंत आपला कठीणपणा टिकवते, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लालबुंद टोकाने लोखंड कापणारे हत्यार पाहून इंजिनिअर थक्क झाले. आज एम-२ या नावाने प्रचलित असलेल्या प्रकारात टंगस्टन सुमारे सहा टक्के, मॉलिब्डेनम पाच, क्रोमियम चार आणि व्हॅनेडियम दोन टक्के असते. ही द्रव्ये महाग आहेत, म्हणून डबीवर हायस्पीड आणि डबीत साधे पोलाद असा प्रकार होतो. ग्राइंडरवर टोक टेकवताच सत्य बाहेर पडते: साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या शुभ्र, विपुल आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात, तर हायस्पीडच्या विरळ, तांबूस आणि न फुटणाऱ्या असतात. सोनेरी रंगावर तर मुळीच जाऊ नये. टायटॅनियम नायट्राइडचा खरा थर सोनेरी असतो हे खरे, पण नुसता सोनेरी रंगही तेथे दिसू शकतो. आणि बिटाला एकदा नव्याने धार लावली की टोकावरचा रंग जातो व उरते ते केवळ पोलाद.

बिटाचे पोलाद उत्तम असून त्याच्या दोन धारा कमीजास्त लांबीच्या असल्या तर भोक मापापेक्षा मोठे पडते. हा दोष स्वस्त बिटांत हमखास आढळतो आणि हाच दोष सर्वांत सहज निस्तरता येतो: दोन्ही धारा अक्षाशी एकोणसाठ अंशांवर सारख्या घासल्या की झाले. अशी हत्यारे मी अर्धतयार माल मानतो. कारखानदाराने अखेरचे घासकाम गिऱ्हाइकावर सोपवून भाव उतरवलेला असतो, आणि ज्याच्या हाती कौशल्य आहे त्याला हा सौदा खरोखरच किफायतशीर पडतो. सुताराच्या रंध्याचा तळ आणि पटाशीची पाठ यांनाही हाच नियम लागू आहे. आय.टी.आय.मधील फिटरच्या विद्यार्थ्याला आरंभीचे कित्येक आठवडे केवळ कानस चालवावयास लावतात, त्याचे फळ पुढे असे मिळते.

बेंच व्हाइसच्या बाबतीत मात्र निस्तरण्यास वाव नाही. व्हाइस बहुधा बिडाचा ओतीव असतो. बीड दाब उत्तम सोसते पण ताणाला दुबळे, आणि घट्ट आवळलेल्या व्हाइसचा जबडा मागे वाकू पाहतो तेव्हा त्याच्या बुडाशी ताणच पडतो. वाळूच्या साच्यात राहिलेल्या पोकळ्या लांबी भरून, वर जाड निळा रंग देऊन लपवता येतात. म्हणून जबड्याच्या बुडाशी रंग अकारण गुळगुळीत दिसला तर संशय घ्यावा, आणि दुकानदाराची हरकत नसल्यास नखाने खरवडून पाहावे. मग व्हाइस पुरता उघडून स्क्रू काढावा. आटे चौकोनी किंवा समलंब चौकोनी आहेत काय, आतले नट वेगळे व बदलता येण्याजोगे आहे काय, जबड्यांच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या आहेत काय, हे पाहावे. शेवटी कागदाचा कपटा जबड्याच्या दोन्ही टोकांशी धरून हलकेच आवळावे. एका बाजूचा कपटा अडकला आणि दुसऱ्या बाजूचा निघून आला तर तो व्हाइस कामाचे मोजमाप आयुष्यभर बिघडवीत राहील.

मोजमापाची साधने हा या पुस्तकाचा सर्वांत विस्तृत भाग आहे, कारण लोकांचा गैरसमज येथे सर्वांत दाट आहे. अंकात्मक व्हर्निअरच्या पडद्यावर मिलिमीटरचा शतांश दिसतो, म्हणून ते साधन शतांशापर्यंत अचूक आहे असे गिऱ्हाईक समजते. वास्तविक दिसणारा लहानात लहान अंक आणि त्या अंकाचा खरेपणा या स्वतंत्र बाबी आहेत, आणि चांगल्या कंपन्याही अशा साधनाच्या अचूकतेची हमी दोन ते तीन शतांशांचीच देतात. शिवाय व्हर्निअरची मोजपट्टी आणि मोजावयाची वस्तू एका रेषेत नसल्याने सरकता जबडा जरा जरी डुलला तरी माप चुकते. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी हे तत्त्व १८९० मध्ये मांडले, आणि स्वस्त व्हर्निअरचा नव्वद टक्के दोष त्याच्या त्या डुलण्यात असतो, असे माझे मत आहे. परीक्षा सोपी आहे. जबडे मिटून उजेडाकडे धरावेत. मिटलेल्या कडांमधून काही सहस्रांश मिलिमीटरची फटसुद्धा प्रकाशाची रेघ होऊन दिसते. नंतर नामांकित कंपनीचे नवे ६२०४ क्रमांकाचे बॉल बेअरिंग घ्यावे. त्याचा बाहेरचा व्यास ४७ आणि आतला २० मिलिमीटर असतो, आणि त्यात साधारण एक शतांशापलीकडे फरक पडत नाही. गाळ्यात बाळगण्यास याहून स्वस्त आणि विश्वासार्ह प्रमाण मला ठाऊक नाही.

गुण्या तपासण्यास तर तेवढेही नको. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन रेघा जेथे फाकतात तेथे गुण्याचा दोष दुप्पट होऊन दिसतो. स्पिरिट लेव्हलही अशीच फिरवून तपासावी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे विद्वानांपुढे हे विशद केले की तीन ओबडधोबड प्लेटा आळीपाळीने परस्परांवर जुळवून व खरवडून, कोणतेही पूर्वप्रमाण हाती नसताना, खरे सपाट पृष्ठभाग निर्माण करता येतात. आणि ही रीत त्यांच्याही आधी हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात चालत असे. निर्धन कारागिराच्या दृष्टीने यंत्रशास्त्रातील इतका आश्वासक सिद्धांत दुसरा नाही. अचूकता विकतच घ्यावी लागते हा समज त्याने खोडून काढला आहे.

विजेच्या हत्यारांविषयी मी थोडक्यात आणि कठोरपणे लिहिले आहे. शंभर मिलिमीटर चकतीचा हातग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड सेकंदाला सुमारे अठ्ठावन्न मीटर वेगाने धावते. अशा चकतीवर जास्तीत जास्त वेग छापलेला नसेल, किंवा ग्राइंडरला लोखंडी संरक्षक कवच नसेल, तर ती चकती वा तो ग्राइंडर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बाकड्यावरच्या ग्राइंडरचे दगडी चाक बसवण्यापूर्वी, कुंभाराकडील मडके वाजवून घेतात तसे, लाकडी दांड्याने हलकेच वाजवावे. खणखणीत नाद आला तर चाक अभंग, बद्द वाजले तर ते तडकलेले. वॅटचे मोठमोठे आकडे डबीवर वाचून मोहित होऊ नये. त्यापेक्षा दुकानदाराला सरळ विचारावे की याचे कार्बन ब्रश आणि आर्मेचर या गल्लीत मिळते काय. एस.पी. रोडच्या परिसरात ज्या नमुन्यांचे सुटे भाग सहज मिळतात ते ग्राइंडर पुन्हा पुन्हा जिवंत होतात. ज्यांचे मिळत नाहीत ते पहिल्याच जळण्यात भंगारात जातात. दुरुस्तीची ही सोय किमतीत धरणे हे आपल्या देशात पारखीचे एक प्रधान अंग आहे, आणि परदेशी पुस्तकांत ते सहसा आढळत नाही.

जुन्या मालाविषयीही हाच विवेक हवा. रविवारच्या गुजरीत जुना व्हाइस, जुनी ऐरण, जुना रंधा, घडीव पाने निःशंक घ्यावेत; त्यांची झीज डोळ्याला दिसते आणि पोलाद बहुधा आजच्या स्वस्त मालाहून सरस असते. जुनी कानस घेऊ नये, कारण दात बोथटले की ती केवळ लोखंडाची पट्टी. जुना मायक्रोमीटर नव्या प्रमाणाशी ताडून पाहिल्यावाचून घेऊ नये, आणि जुनी मोटर चालवून, तापू देऊन, मगच. आयुधपूजेच्या दिवशी बेंगळुरूतील गाळ्यांतून यंत्रे पुसून, हळदकुंकू लावून मांडतात, तेव्हा मी ओळखीच्या कारागिरांची हत्यारे मुद्दाम पाहतो. त्यांत स्वस्त हत्यारे पुष्कळ असतात, आणि जी वर्षानुवर्षे टिकलेली असतात ती बहुतेक अशी, की ज्यांतील काटकसर मुलाम्यात व डबीत झालेली आहे.

मर्यादित पैशाचे वाटप कसे करावे, हा प्रश्न पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात आला आहे. माझा निर्णय असा, की माप घेणारे, धार असणारे आणि वेगाने फिरणारे हत्यार निवडताना पैशाकडे पाहू नये. पकडणारे, ठोकणारे आणि आवळणारे हत्यार स्वस्त घ्यावे, पण वरील कसोट्या लावून. आणि हत्यारांचा तयार संच, मग तो कितीही तुकड्यांचा असो, शक्यतो घेऊच नये, कारण त्यांतील निम्मी हत्यारे कधी वापरात येत नाहीत आणि त्यांची किंमत उरलेल्यांच्या पोलादातून कापलेली असते. ज्या हत्याराची गरज वर्षातून एकदा लागणार आहे ते स्वस्तात स्वस्त घ्यावे. ते मोडले, तर त्याची गरज आपल्याला वाटली होती त्याहून अधिक होती, हे सिद्ध होते, आणि मग दुसरे चांगले घ्यावे.

या पुस्तकात यंत्रशाळेतील प्रचलित शब्दच वापरले आहेत, मग ते मराठी असोत की इंग्रजी; वाचकाने ते घेऊन थेट दुकानात जावे अशी अपेक्षा आहे. बाजारातील माल दर वर्षी बदलतो आणि नामांकित छापांच्या नकलाही निघतात, म्हणून अमुक कंपनीचे घ्या, तमुकचे नको, अशी यादी मी दिलेली नाही. वाचकांना एक विनंती आहे. महाराष्ट्रातील, गोव्यातील, सीमाभागातील आणि येथील मराठी कारागिरांनी आपल्या वापरातील स्वस्त हत्यारांचे अनुभव प्रकाशकाकडे लिहून पाठवावेत. हत्यार कोणत्या गावच्या बनावटीचे, किती किमतीस घेतले, कशावर चालवले आणि नेमके कोठे मोडले अथवा किती टिकले, एवढा तपशील पुरे. पुढील आवृत्तीत तो कृतज्ञतापूर्वक समाविष्ट केला जाईल.

बेंगळुरू,
खंडेनवमी